पाण्यातला भुईकोट

किल्ला म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे आधी डोंगर उभा राहतो. धापा टाकत चढलो नाही तर किल्ला पाहिल्यासारखंच वाटत नाही! पण सपाटीवरच्या किल्ल्यासाठी आपल्याकडे किती नेमका शब्द आहे पाहा: भुईकोट. नगरचा, सोलापूरचा, चाकणचा. गंमत म्हणजे जपानी भाषेतही अगदी तस्साच शब्द आहे, 'हिराजिरो'. 'हिरा' म्हणजे सपाट आणि 'जिरो' (मूळ 'शिरो') म्हणजे किल्ला. डोंगरावरचा तो 'यामाजिरो'. आयुष्यभर इतिहास शिकवला, पण हा शब्द मला सत्तरीला टेकल्यावर कळला. आज लिहायचं आहे ते अशाच एका मोडलेल्या हिराजिरोबद्दल.

२०१९ च्या जुलैमध्ये मी लेकीकडे ओसाकाला होते. तिनं विचारलं, "आई, कुठे जायचंय?" मी म्हटलं, "ओकायामा." तिला वाटलं, बाग बघायची असणार. पुणेकरांना ओकायामा ठाऊक असतं ते बागेमुळेच. सिंहगड रस्त्यावरचं पु. ल. देशपांडे उद्यान म्हणजे पुणे-ओकायामा मैत्री उद्यान, आणि ते ज्या बागेवरून बेतलं ती कोराकुएन बाग ओकायामात आहे. बाग पाहिलीच, सुंदर आहे. पण माझं लक्ष होतं पलीकडच्या एका खेड्यावजा उपनगरावर. ओकायामाहून छोट्या लोकल गाडीनं वीसेक मिनिटं गेलं की 'बित्चू-ताकामात्सु' नावाचं लहानसं स्टेशन येतं. तिथून दहा मिनिटं पायी. (शिकोकू बेटावर ताकामात्सु नावाचं मोठं शहर आहे, तिथेही किल्ला आहे, पण तो वेगळा. घोटाळा नको.)

खरं सांगायचं तर तिथे बघायला काहीच नाही! बुरूज नाही, दरवाजा नाही, आपल्या डोळ्यांना सवय असलेली दगडी तटबंदी तर मुळीच नाही. हिरवळीचे दोन-चार उंचवटे, मध्ये तळं, तळ्यात कमळं, चहूबाजूंनी भातशेती आणि घरं. एक छोटंसं संग्रहालय, एक समाधी. जावई हळूच म्हणाले, "आई, किल्ला कुठाय?" मी म्हटलं, "आपण त्याच्यावर उभे आहोत."

हा किल्ला होताच मातीचा. इशिकावा नावाच्या स्थानिक घराण्यानं तो बांधला, तोही मुद्दाम दलदलीत. आपण विचार करतो, सपाटीवर किल्ला म्हणजे शत्रूला आमंत्रणच की. पण डोंगराचं काम इथे चिखलानं केलं. सगळीकडे पाणथळ आणि खोल चिखलाची शेतं, आत शिरायला अरुंद वाटा. घोडा घातला तर रुततो, माणूस उतरला तर कमरेपर्यंत जातो, आणि तोवर आतले बंदूकवाले, तिरंदाज निवांत नेम धरतात. ज्या पाण्यानं किल्ला राखला त्याच पाण्यानं तो पुढे बुडवला गेला. तीच ही हकीकत.

साल १५८२. जपानात तेव्हा शंभरेक वर्षं सरदारांची आपसांत झुंज चालू होती. त्यात ओदा नोबुनागा हा सगळ्यांना पुरून उरला होता आणि त्याचा सेनापती हाशिबा हिदेयोशी पश्चिमेकडे मोरी घराण्यावर चालून निघाला होता. ('मोरी' हे आडनाव आहे, हसू नका. आपल्याकडच्या मोरीशी त्याचा संबंध नाही.) मोरींनी सरहद्दीवर सात किल्ल्यांची रांग उभी केली होती. त्यातला महत्त्वाचा किल्ला म्हणजे हा ताकामात्सु, आणि किल्लेदार होता शिमिझु मुनेहारू. जपानी रीतीप्रमाणे आडनाव आधी लिहिते आहे.

हिदेयोशीकडे तीस हजारांच्या आसपास फौज. किल्ल्यात तीन ते पाच हजार माणसं, त्यात आसऱ्याला आलेले आजूबाजूचे शेतकरीही. हिदेयोशीनं आधी फितुरीचा डाव टाकला. आमच्याकडे ये, सगळा बित्चू प्रांत तुला देतो, असा निरोप धाडला. मुनेहारूनं तो नाकारला. मग हल्ले झाले, आणि दलदलीनं आपलं काम चोख केलं. माणसं गमावून हिदेयोशी मागे हटला.

तेव्हा कल्पना निघाली ती पाण्याची. ती त्याचा सल्लागार कुरोदा कानबेइ याची, असं सांगतात. किल्ल्याभोवतीच्या सखल भागाला डोंगरांचा वेढा होताच, जिथे तो उघडा होता तिथे बांध घालायचा आणि आशिमोरी नदीचं पाणी आत वळवायचं. परंपरेनं आलेली हकीकत अशी की बांध जवळजवळ तीन किलोमीटर लांब, सात-आठ मीटर उंच, आणि तो उभा राहिला अवघ्या बारा दिवसांत! मजुरीही ठरलेली: मातीनं भरलेल्या एका पोत्याला शंभर मोन नाणी आणि एक शो तांदूळ, म्हणजे पावणेदोन लिटरभर. लढाईच्या दिवसांत असा भाव कोण देतो? पंचक्रोशीतले शेतकरी पोती वाहायला लोटले. आज अभ्यासक म्हणतात की एवढा लांब बांध लागलाच नसेल, नदीकाठचे नैसर्गिक उंचवटे बरंचसं काम करतात, खरी गरज थोड्याच भागात होती. असेल. पण 'कावाझुगाहाना' म्हणून एक जागा आहे (अर्थ 'बेडकाचं नाक'), तिथे त्या बांधाचा तुकडा आजही दिसतो, आणि खोदकामात तिथे खुंट आणि पेंढ्याच्या पोत्यांचे अवशेष सापडले आहेत. ते वाचल्यावर मला हिदेयोशीपेक्षा पोतं वाहणारा तो शेतकरी जास्त दिसू लागला. त्याचे सोयरे आत किल्ल्यात असतील का हो?

दिवस पावसाळ्याचे. जपानात जून-जुलैच्या पावसाला 'प्लमचा पाऊस' म्हणतात, प्लमची फळं पिकतात तेव्हा येतो म्हणून. तो त्या वर्षी भरपूर झाला. पाणी चढत गेलं आणि सुमारे दोनशे हेक्टरांचं तळं झालं, मध्ये किल्ला बेटासारखा. लोक होडक्यांतून एका भागातून दुसऱ्या भागात जाऊ लागले. धान्य भिजलं, कोरडी जागा उरेना.

पाणी घरात शिरतं म्हणजे काय, ते आमच्या पिढीच्या पुणेकरांना वेगळं सांगायला नको. १२ जुलै १९६१, पानशेत. मी अकरा वर्षांची होते. आमचा वाडा नदीकाठच्या पेठेत. जीव वाचले, पण परतलो तेव्हा घर म्हणजे नुसता गाळ होता. आईनं डाळीचा डबा उघडला आणि काही न बोलता पुन्हा बंद केला. म्हणून असेल, पण त्या हिरवळीवर उभी राहून मी पहिल्यांदा पाहिलं ते पाणी कुठवर आलं असेल ते. तिथलं पाणीही काही इतिहासजमा झालेलं नाही बरं का. १९८५ साली मोठ्या पावसात ही जागा पुन्हा पाण्यानं वेढली गेली होती. आणि आम्ही जाण्याच्या वर्षभर आधी, जुलै २०१८ मध्ये, शेजारच्या कुराशिकी शहरातल्या माबी भागात पूर येऊन पन्नासहून अधिक माणसं गेली होती.

असो. मूळ गोष्टीकडे येऊ.

मोरींची मोठी कुमक आली खरी, पण येऊन करणार काय? डोंगरावर छावणी टाकून आपला किल्ला बुडताना बघत बसली. तहाची बोलणी सुरू झाली, मध्यस्थ म्हणून आंकोकुजी एकेई नावाचा बौद्ध भिक्षू जा-ये करू लागला. हिदेयोशीची मागणी होती पाच प्रांत आणि किल्लेदाराचा प्राण. मोरी प्रांत सोडायला तयार होते, मुनेहारूला सोडायला नव्हते. हे मला फार मोठं वाटतं. जमीन देतो, आमचा माणूस देणार नाही! बोलणी अडली.

इकडे हिदेयोशीनं नोबुनागाकडे कुमक मागितली होती. नोबुनागानं अकेची मित्सुहिदे या सरदाराला पुढे जायला सांगितलं आणि स्वतःही निघण्याच्या तयारीनं क्योतोच्या होन्नोजी देवळात उतरला. मित्सुहिदे फौज घेऊन निघाला, पण पश्चिमेला न जाता वळला तो थेट देवळावर. २१ जून १५८२ च्या पहाटे नोबुनागाचा शेवट झाला. सारा जपान ज्याच्या मुठीत येऊ घातला होता तो माणूस असा एका पहाटे संपला. म्हणजे पाहा, ही दलदलीतली मातीची गढी वेळेत पडली असती तर कुमक निघालीच नसती आणि कदाचित जपानचा इतिहासच निराळा झाला असता.

दुसऱ्या दिवशी रात्री ही बातमी हिदेयोशीला पोचली. मोरींना अजून पत्ता नव्हता. त्यानं रस्ते बंद करून टाकले, बातमी दाबली आणि लगोलग मध्यस्थाला बोलावून अटी सैल केल्या. पाचाऐवजी तीन प्रांत चालतील, पण किल्लेदाराचा प्राण हवा, आणि तो उद्याच. त्या बदल्यात आतल्या सगळ्यांना अभय.

मुनेहारू कबूल झाला. मोरी त्याच्यासाठी अडून बसले होते. यानं स्वतःच गाठ सोडवली.

२३ जूनला किल्ल्यातून एक होडी निघाली. हिदेयोशीनं आधी मद्य आणि खाणं पाठवलं होतं. होडीत मुनेहारू, त्याचा थोरला भाऊ गेस्सेइ आणि आणखी काही जण होते. गेस्सेइनं संन्यास घेतलेला, घराण्याची गादी धाकट्याकडे होती. अटीत त्याचं नाव नव्हतं, तरी तो आला. दोन्ही फौजा काठावरून बघत असताना मुनेहारूनं नोह नाटकातला एक तुकडा म्हणत नृत्य केलं, निरोपाची कविता लिहिली आणि पोट चिरून घेतलं. वय सेहेचाळीस, जपानी रीतीनं मोजलेलं. भाऊही त्याच्यामागून गेला. यातला बराच तपशील पुढच्या काळातल्या युद्धकथांमधून आला आहे, तेव्हा थोडा मुलामा धरून चालावं. पण होडी, मृत्यू आणि आतल्यांची सुटका हा गाभा पक्का आहे.

लवकरच मोरींना होन्नोजीची बातमी कळली. हिदेयोशी तोवर परतीची तयारी करून मोकळा! काही दिवसांत त्यानं दोनशेएक किलोमीटर अंतर कापून फौज क्योतोपाशी नेली आणि २ जुलैला यामाझाकीच्या लढाईत मित्सुहिदेला हरवलं. तिथून तो जपानचा सर्वसत्ताधीश होईपर्यंतचा रस्ता उघडला. मोरींनी मात्र पाठलाग केला नाही. तह मोडायचा नाही असं कोबायाकावा ताकाकागे या त्यांच्याच धुरंधर सरदारानं ठरवलं, असं सांगतात. मुनेहारूचा मुलगा पुढे मोरींच्याच आश्रयाला राहिला.

आता मला छळणारा प्रश्न सांगते. मुनेहारू आणखी दोन दिवस थांबला असता तर? बातमी फुटलीच असती. हिदेयोशीला वेढा उठवावा लागला असता. प्रांत वाचले असते आणि हा माणूसही. म्हणजे त्याचं मरण वायाच गेलं का? शिक्षिका होते तेव्हा असल्या 'जर-तर'वर मुलं तुटून पडायची. तास रंगायचा. पण त्या समाधीपुढे उभं राहिल्यावर तास रंगवावासा वाटेना.

परत आल्यावर हे सगळं मी दादाला सांगितलं. आमच्या घरातल्या वाचकांना दादा म्हणजे कोण ते सांगायला नकोच. इतरांसाठी सांगते, माझा सहा वर्षांनी थोरला भाऊ. पुराच्या वर्षी दादा सतरा वर्षांचा होता. मॅट्रिकला उत्तम मार्क, इंजिनिअरिंगच्या डिप्लोमाला प्रवेश मिळालेला. वडील ज्या दुकानात हिशेब लिहायचे ते पुरात गेलं आणि पगार थांबला. आठवड्याभरात दादा एका छापखान्यात कामाला लागला, शाईच्या हातांनी घरी येऊ लागला. तीन महिन्यांनी वडिलांना दुसरीकडे नोकरी मिळाली, आधीपेक्षा चांगली. पण प्रवेश गेला तो गेला. दादा छापखान्यातच राहिला, फोरमन होऊन निवृत्त झाला. मी बी. ए. केलं, त्याच्या पगारातून माझी फी जायची.

तर दादा खुर्चीत बसून सगळं ऐकत होता. मध्ये एकदाच म्हणाला, "मातीचा किल्ला? दगड नाहीच?" मग मी म्हटलं, "दोन दिवस थांबला असता ना दादा, तर वाचला असता."

"त्याला ठाऊक होतं का ते?"

"नाही ना. बातमी दाबली होती."

"मग? त्याला काय ठाऊक होतं त्यावरून बघ की. पाणी चढतंय, आत माणसं आहेत, खायला नाही. एवढं ठाऊक होतं ना त्याला?"

"हो."

"आतल्या लोकांचं काय झालं?"

"वाचले."

"मग झालं तर," दादा म्हणाला आणि त्यानं चष्मा पुसायला घेतला.

आम्ही दोघं पुढे बोललो नाही. तो मुनेहारूबद्दलच बोलत होता, असं मी धरून चालले आणि त्यानंही तसंच धरलं असावं.

दादा २०२३ मध्ये गेला. त्याच्या वर्षश्राद्धाला नात्यातल्या एकांनी जेवताना हळहळून म्हटलं, "तीन महिने थांबला असता तर कुठल्या कुठे गेला असता. उगीच घाई केली." प्रेमानंच म्हटलं. मी तेव्हा पान सोडून उठले नाही, उत्तरही दिलं नाही, चारचौघांत मला सुचत नाही. म्हणून इथे लिहिते आहे. जुलै १९६१ मध्ये दादाला काय ठाऊक होतं? घरात पाच तोंडं आहेत, वडील उंबऱ्यावर डोक्याला हात लावून बसतात आणि छापखान्यात माणूस हवा आहे. ऑक्टोबरमधली नोकरी जुलैमध्ये कुणाला दिसत नाही. आपल्याला दिसते, कारण आपण साठ वर्षं पुढे उभे आहोत. इतिहास वाचणाऱ्याला ही सोय असते, तिचा वापर करून माणसांना 'घाई केली' म्हणणं मला अन्यायाचं वाटतं. त्या तीन महिन्यांत आम्ही उपाशी झोपलो नाही, त्याचा हिशेब कुठे धरायचा?

हिदेयोशीला काय म्हणावं, हा वेगळा प्रश्न. त्यानं बातमी लपवली. युद्धात सगळेच लपवतात, हे मी वर्गातही सांगत असे. पण अभय दिलेल्यांना त्यानं सोडलं, हेही तितकंच खरं. पुढे पाण्याचा हाच डाव १५९० मध्ये ओशीच्या किल्ल्यावर त्याचा सरदार इशिदा मित्सुनारी यानं खेळला. तोही भुईकोटच. तिथे मात्र बांधच फुटला आणि पाणी वेढा घालणाऱ्यांवरच उलटलं. पाणी काही कुणाचं मांडलिक नाही.

ताकामात्सुचा किल्ला नंतर हानाबुसा नावाच्या घराण्याकडे गेला आणि पुढे ओस पडला. उंचवट्यांवर शेती झाली, दलदल बुजली. १९२९ मध्ये सरकारनं त्याला राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ म्हणून जाहीर केलं. १९८२ च्या सुमारास बाग करताना जुनं तळं पुन्हा खोदून पाणी भरलं, तेव्हा कुणी न लावता त्यात कमळं उगवली. गाळात निजलेलं जुनं बी पाणी मिळताच जागं झालं, असं तिथले लोक मानतात. त्या कमळांना त्यांनी नाव दिलंय, मुनेहारूचं.

आम्ही गेलो तेव्हा ती फुललेली होती. काठावर एक आजोबा कॅमेरा लावून बसले होते, माझ्याहून थोरले असतील. मला भाषा येत नाही, त्यांना आपली नाही. लेकीनं त्यांना सांगितलं, आई भारतातून हा किल्ला बघायला आली आहे. ते उठून उभे राहिले, कमरेत वाकले आणि बोटानं दाखवू लागले. पाणी इथवर, बांध तिकडे, आणि होडी साधारण त्या बाजूला. लेक भाषांतर करू लागली तर मी तिला थांबवलं. सगळं समजत होतं.

कुणी तिकडे जाणार असाल तर जूनअखेर ते जुलै हा काळ गाठा आणि सकाळीच जा, ऊन चढलं की कमळं मिटतात. छत्री मात्र विसरू नका.